तुमचं नाव कुठंही येणार नाही

चार संशोधक विद्यार्थी चहाला जमले की पुस्तकातलं कुणालाच काही आठवत नाही, पण कोण कुठं घाबरलं ते मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतं! सांगलीला आमच्या पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धतीचा पेपर होता. त्या एका पेपरनं आमच्याकडं किश्शांचा ढीग करून ठेवलाय. आता हसत सांगते, पण तेव्हा हातपाय गार पडले होते.

पहिल्याच तासाला चौगुले मॅडमनी एक वाक्य पाठ करून घेतलं. "तुमचं नाव कुठंही येणार नाही." प्रत्येक मुलाखतीआधी हे म्हणायचं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "नुसतं म्हणायचं नाही. ऐकलेलं बाहेर गेलं, तर तुमचे मार्क जाणार नाहीत. कुणाचं तरी घर जाईल."

मी ते वाक्य वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं.

*

आमच्यातले संपतराव म्हणजे सैन्यातून निवृत्त होऊन शिकायला आलेला साताऱ्याकडचा गडी. बर्फात पहारा दिलेला माणूस! पण इस्लामपुरात पहिल्या दारासमोर उभे राहिले आणि शर्ट घामानं भिजला. दार उघडलं. भीतीनं यांचा आवाज जो सुटला तो थेट परेडचा, "नाव! वय! घरात माणसं किती!"

बाई आत पळाली. "आवं, उठा! पोलीस आल्यात!"

बघता बघता अख्ख्या गल्लीची दारं बंद. संपतराव गाडीला टेकून मला म्हणाले, "ताई, तिकडं बंदूक तरी हुती हातात. हितं नुसता पेन हाय!"

पुढं कितीतरी दिवस ते आरशासमोर "मावशी, जरा पाणी मिळंल का?" एवढंच घोकत होते.

*

राजमती सांगलीतल्या जैन व्यापारी घरातली. मॅडमनी शिकवलेलं, घर आपण निवडायचं नाही. दर पाचवं घर घ्यायचं, मग आत वाघ का असेना. हिचं पाचवं घर निघालं ते नेमकं हिला सांगून आलेल्या स्थळाचं! सोडावं तर नमुना बिघडतो, जावं तर अब्रू जाते.

बिचारी देवाचं नाव घेत आत गेली आणि मुलाच्या आईलाच विचारलं, "घरातले निर्णय कोण घेतं?"

बाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि आत हाक मारली, "आवं, पोरगी सवताच चौकशीला आलीया!"

स्थळ मोडलं नाही. उलट त्यांनी जवळचा मुहूर्त काढला. राजमती आणखीच घाबरली.

*

माझा विषय गलाईवाल्यांच्या बायकांचा. विट्याकडचे पुरुष देशभर जुनं सोनं गाळून शुद्ध करायच्या दुकानांत असतात आणि पुष्कळांच्या बायका गावीच राहतात. नियम असा, की मुलाखत एकांतात घ्यायची. आता गावात सुनेला एकांत कोण देतं? सासू शेजारी लसूण सोलत बसलेली.

"नवऱ्याची आठवण येते का?" मी सुनेला विचारलं.

"येती की!" सासू म्हणाली.

"एकटं वाटतं का?"

"कशानं वाटंल? मी हाय न्हवं!"

शेवटी म्हैस ओरडली म्हणून म्हातारी उठून गोठ्याकडं गेली. सुनेनं माझा हात घट्ट धरला. "ताई, त्येंचं तिकडं दुसरं घर हाय. ल्योक बी हाय. आत्याबाईंस्नी ठावं न्हाई. त्यांचा लय जीव हाय त्येंच्यावर. कळलं तर मरतील त्या."

तेवढ्यात म्हातारी परत आली. "काय म्हनती?"

"तुमचं नाव कुठंही येणार नाही," मी बरळले.

*

साताऱ्याला परिसंवादात मी हा अनुभव मांडला. नाव बदललं, गाव बदललं, लसूणसुद्धा काढून टाकला. बोलून संपले आणि मागून एक सर उठले. "ही बाई कोण, मी ओळखलं!" त्यांनी भलत्याच गावाचं नाव घेतलं. लगेच दुसरे उठले, "छे! ही तर आमच्या शेजारची." त्यांचं गाव तिसरंच. मला हसावं की रडावं कळेना. अशी घरं तरी किती आहेत!

मग एक बाई हळूच म्हणाल्या, "आमच्या भावकीत आहे अशी एक." आणि गावाचं नाव घेतलं.

बरोबर होतं.

चौगुले मॅडम ताडकन उठल्या, "प्रश्न पद्धतीवर विचारा!" पण तोवर मी कागद गोळा करून दाराशी पोचले होते.

*

आठवडाभरात म्हातारीचा फोन आला. "घरला ये. बोलायचं हाय." बस्स, एवढंच!

संपतराव म्हणाले, "मी येतो संगं." मी नको म्हटलं. एसटीत बसल्यापासून मला एकच दिसत होतं, म्हातारी अंथरुणाला खिळलेली आणि सून माझ्याकडं बघतीय.

म्हातारी तशीच बसली होती, लसूण सोलत. मला बघून तिनं सुनेला दुकानाला पिटाळलं. सून जाताना माझ्याकडं बघत राहिली. म्हातारीनं दार लोटून घेतलं.

"त्ये तुजं यंत्र बंद कर."

मी मोबाईल काढून बंद करून दाखवला.

"नाव येनार न्हाई म्हनलीस, व्हय ना?"

"नाही येणार, मावशी."

ती जवळ सरकली. "माझ्या पोराचं तिकडं दुसरं घर हाय. कवाचं ठावं हाय मला. म्हनून तर तू इचाराय लागलीस की मी मदीच बोलायची. सुनंला सांगू नगंस, पोरी. कळलं तर मरंल ती."

दार वाजलं. सून साखरेचा पुडा घेऊन आत आली, तिनं एकदा सासूकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"काय म्हनत हुत्या आत्याबाई?"