धूळ टिपणारी आत्ये

आमच्या आत्येने माझ्यासमोर कधी केरसुणी हातात घेतली नाही. "धूळ झाडली की उडते गो, टिपली की जाते," असं म्हणत ती ओल्या फडक्याने सगळं घर पुसायची. आई-बाबा मुंबईत नोकरीला, आणि मी चौथीपासून नाटे गावी तिच्याजवळ. मला धुळीची, बुरशीची ॲलर्जी. सकाळ शिंकांनीच उजाडायची. पावसाळ्यात छातीत शिट्टी वाजायची.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी जे सांगितलं, ते तिने व्रतासारखं पाळलं. चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात, उशा दारापुढच्या खळ्यात उन्हात, श्वासाचा पंप कायम दप्तरात. देवापुढची उदबत्तीसुद्धा बंद केली. शेजारीण कुरकुरली, तर म्हणाली, "देवाला फूल पुरतं. पोरीला श्वास लागतो."

घरात तिची लाडकी मांजर होती. डॉक्टरांनी मांजरीचं विचारलं, त्याच संध्याकाळी तिने ती बंदरावरच्या मैत्रिणीला देऊन टाकली. "मला कुठे आवडायची ती!" म्हणाली. पण त्यानंतर रोज बंदरावर जायची आणि मासळी न घेताच परतायची.

पुढे मी नोकरीसाठी पुण्याला गेले. दर गणपतीला मी गावी यायची, तेव्हा भिंती स्वच्छ असायच्या. पावसात चढलेली काळी बुरशी तिने ब्रशने घासून काढलेली असायची.

गेल्या वर्षी घाटीची चढण चढताना ती धापा टाकत मध्येच बसली. तिला रत्नागिरीच्या इस्पितळात आणलं, मीही पुण्याहून आले. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि विचारलं, "भिंती घासताना तोंडाला फडकं बांधायच्या का?"

मी आत्येकडे बघितलं. तिने मान वळवली.

"बुरशीनेच झालं, असं छातीठोक सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण फुप्फुसं कडक झालीत. फार उशीर झालाय."

ते गेल्यावर मी विचारलं, "आत्ये, दम लागत होता, तर सांगितलं का नाहीस?"

तिने ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला. "सांगितलं असतं, तर तू मला घासू दिलं नसतंस. आणि बुरशीच्या घरात तू आली नसतीस गो."

गणपतीला मी दीड दिवस राहायची. त्या दीड दिवसासाठी ती पंधरा दिवस भिंती घासायची. मी तिचा हात हातात घेतला. तिने मास्क नीट केला आणि माझाच हात थोपटत राहिली.

तिसऱ्या दिवशी आत्ये गेली. श्वास आधी थांबला, हात नंतर सुटला.