तलावाच्या पोटातला ले-आउट

तलावाची पाळ फोडल्याचा तो गुन्हा मी अजून विसरलेलो नाही. गोंदिया शहराला लागून असलेल्या एका गावच्या पोलीस पाटलाने सकाळीच फोनवर खबर दिली. पाळीला भगदाड पडले होते आणि खालच्या शेतकऱ्यांचे निसवायला आलेले धान पाण्याविना जाणार होते. मी पोहोचलो तेव्हा खालच्या आळीतले लोक वरच्या आळीतल्यांना पकडा म्हणून हटून बसले होते. गावात भांडण जुने असले की पोलिसांना संशयित आयते मिळतात.

पंचनामा करताना एक गोष्ट खटकली. पाणी चोरणारा माणूस तुडुम, म्हणजे पाळीतली पाणी सोडायची मोरी, उघडतो आणि पाणी शेताच्या पाटात जाते. इथे तुडुमाला कुणी हात लावला नव्हता आणि सारे पाणी नाल्याला गेले होते. म्हणजे कुणाला पाणी हवे होते असे नव्हते, कुणाला तरी ते नको होते. मी पाळीकडे पाठ करून वरच्या बाजूला पाहिले. तिथे तलावाच्याच पोटात प्लॉट पाडलेल्या नव्या ले-आउटमधली चार घरे उभी होती आणि भिंती गुडघाभर ओल्या होत्या.

त्यातले सगळ्यात खालचे, सगळ्यात जास्त भिजलेले घर राइस मिलमधल्या फिटरचे होते. ठाण्यात आणल्यावर त्याने कबूल करायला फार वेळ घेतला नाही.

"पाणी चुलीपर्यंत आलं होतं साहेब. घर बुडून राहिलं होतं, मी काय पाहत राहू? ग्रामपंचायतीची ना-हरकत पाहूनच प्लॉट घेतला मी."

ना-हरकत देणाऱ्या सरपंचाला बोलावले. माणूस लबाड नव्हता, उलट गावात त्याला मान होता. प्लॉट विकणाऱ्याने रस्ता आणि नळाची गोष्ट काढली, यालाही गाव वाढल्याचा आनंद झाला, आणि सही झाली. ती जमीन कशासाठी राखलेली आहे, तिथे घर बांधता येते का, हे त्याने तलाठ्यालाही विचारले नव्हते.

"उन्हाळ्यात तिथं पोरं क्रिकेट खेळत होती," तो म्हणाला. "मले वाटलं, पडीक आहे. नकाशा पाहाचं काम तलाठ्याचं, मले काऊन विचारता?"

मला राग आला. तलाव भरला की पाणी कुठवर चढते हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. निवडून आल्यावर मात्र जमीन पाहणे हे त्याला दुसऱ्याचे काम वाटू लागले. ठराव, उद्घाटने, सत्कार यांत तो तरबेज होता. निवडून आलेल्या माणसाने वकील व्हावे असे मी म्हणत नाही, पण गावातली कोणती जागा शेतीची, कोणती वस्तीची आणि कोणती पाण्याची, एवढे कळल्याशिवाय त्याने पेन उचलू नये.

प्लॉट विकणाऱ्यावर फसवणुकीचा वेगळा गुन्हा दाखल केला. फिटरचे घर पुढे पाडायचा आदेश निघाला, तेव्हा तो जामिनावर होता. दारे-खिडक्या त्याने स्वतःच काढल्या.

पाळ फोडल्याच्या आरोपपत्रात आरोपी म्हणून फिटर एकट्याचे नाव गेले. पाळ गावाची, म्हणून सरपंच त्याच्याविरुद्ध सरकारी साक्षीदार होता, आणि साक्षही त्याने खरी दिली.