न मागितलेला व्हिसा

सिंगापुरात राहून कॅरिबियन बेटावर सुट्टीला जायचं म्हणजे दारात आंबा असताना गावभर कैऱ्या शोधत फिरायचं. ऑफिसात सगळ्यांनी छेडलंच, "फेरीबोटीत बसलं की बेटंच बेटं, मग इतक्या लांब कशाला?" मी हसून वेळ मारून नेली. मुळात ते बेट आमच्या डोक्यातलं नव्हतंच, सासूबाईंच्या डोक्यातलं होतं.

त्यांचं नवीन लग्न झालेलं असताना पुण्यात त्या आणि सासरे रेडिओला कान लावून वेस्ट इंडीजमधल्या सामन्यांची कॉमेंटरी ऐकायचे. घर झोपलेलं, आवाज बारीक, आणि मध्ये दोघांचा चहा. "एकदा तिथं जाऊन बसू," असं सासरे म्हणायचे. ते गेले, आई आमच्याकडे सिंगापुरात बुकित पंजांगला राहायला आल्या, पण हे काही विसरल्या नाहीत. एकदा जेवताना म्हणाल्या, "सामना नसला तरी चालेल गं. नुसतं मैदान बघून येऊ." नवऱ्याने समुद्राला लागून मैदान असलेलं एक लहानसं बेट शोधूनही काढलं.

आणि तिथे माझी बुद्धी फिरली. आईंचे गुडघे, त्यांचे उपास, साबुदाण्याची पिशवी, दर तासाला बाथरूम. किती वर्षांत आम्ही दोघं कुठे गेलो नव्हतो! नवऱ्याला म्हटलं, "या वेळी आपण दोघंच." तो गप्प बसला. त्याचं गप्प बसणं म्हणजे होकारच, हे मला ठाऊक होतं. आमचे पासपोर्ट इथले, आईंचा भारताचा. त्यांना वाटेतल्या देशाचा व्हिसा लागणार होता. मी अर्जच केला नाही. काही दिवस जाऊ दिले आणि तोंड पाडून सांगितलं, "आई, तुमचा व्हिसा नाही हो आला."

"असू दे, तुम्ही जाऊन या," त्या म्हणाल्या. निघताना हातावर दही ठेवलं. आईंच्या सोबतीला सिंगापुरातच मरीन परेडला राहणारी नणंद आली होती.

बेट सुंदर होतं, उगाच खोटं कशाला बोलू. पण मैदानाच्या कडेला बसलो आणि माझा जीव रमेना. गवतात शेळ्या चरत होत्या, पलीकडे समुद्र, आणि वारा असा की नवऱ्याचं बोलणं ऐकू येईना. तिकडे सकाळ, घरी दिवेलागण. व्हिडिओ कॉल लावून आईंना मैदान दाखवलं. "अगं बाई! आणि हा वारा बघ, अगदी रेडिओतला तोच आवाज," म्हणत त्यांनी फोन कानाला लावला. मग आम्हाला नुसता कान दिसत राहिला.

फोन खाली आला तेव्हा त्यांच्या हातात काचेचा ग्लास होता. दिवेलागणीला आईंच्या हातात चहाचा कप नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"चहा नाही घेतला?"

"तुम्ही निघालात त्या दिवसापासून सोडलाय. व्हिसा येईपर्यंत नाही घ्यायचा, असं बाप्पाला बोललेय. यंदा नाही आला, पुढच्या खेपेला येईल. गरम पाणीसुद्धा बरं लागतं हो."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुण्यात वाढलेल्या मला एवढं कळू नये? व्हिसा आला नाही म्हटल्यावर आमच्याकडची बायका-माणसं एम्बसीकडे जात नाहीत, थेट देवाकडे जातात. उरलेले दिवस मी तोंडदेखली हसले. फोटोंत ते दिसतंय.

घरी आल्यावर बॅगाही उघडल्या नाहीत. आई वाती वळत बसल्या होत्या, समोर जाऊन बसले आणि सांगून टाकलं. "आई, मी अर्ज केलाच नव्हता. आम्हाला दोघांनाच जायचं होतं."

त्यांचे हात थांबले. मला वाटलं आता बोलतील, चार शब्द सुनावतील. सुनावले असते तर बरंच झालं असतं. हातातली अर्धी वात त्यांनी खाली ठेवली.

"म्हणजे बाप्पाने नाही म्हटलं नव्हतं?"

"नाही, आई."

"अगंबाई. आणि मी त्याला रोज बोल लावत होते. एवढी सेवा केली, एक गोष्ट मागितली, तीही तुझ्याच्यानं होईना, असलं काहीबाही बोलले गं मी."

गुडघ्यावर हात देत त्या उठल्या. देवघरासमोर उभ्या राहिल्या, कान धरले आणि पुटपुटल्या, "चुकलं रे बाबा. माफ कर."

मी मागेच उभी होते. वळून त्यांनी आधारासाठी माझा हात धरला, आणि म्हणाल्या, "आता तरी अर्ज कर हो. चहावाचून डोकं फार दुखतं."