आधी खूण, मग पाना

आमच्या गॅरेजमधून जुना माल ज्याचा तो घेऊन जातो. झिजलेलं बेअरिंग, जळालेला बल्ब, तुटलेला पट्टासुद्धा लोक पिशवीत घालून नेतात. न जाणो, मेस्त्री तोच धुऊन-पुसून दुसऱ्याला विकेल! मागे राहतात ते फक्त किस्से. ते कुणी परत मागत नाही, म्हणून साठत गेलेत.

गॅरेज अहमदपूरला, नांदेड रोडवर. मालक करीमभाई, पण सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. मी कांबळे, वायरिंगचं काम बघतो. त्या दुष्काळाच्या वर्षी ट्रॅक्टर घरी उभे होते आणि टँकर तेवढे पळत होते. दोन खेपांच्या जागी पाच मारल्या की गाडी कुठंतरी बोंबलणारच. त्यामुळे आमच्यासमोर टँकरची रांग!

या नव्या गाड्यांना ईसीएम असतो. वहीएवढा ॲल्युमिनियमचा डबा. डिझेल कधी सोडायचं, किती सोडायचं, सगळं तो ठरवतो. तो गेला की इंजिन धडधाकट असून गाडी मेली. भानगड अशी, की चांगला डबा आणि खराब डबा दिसायला एकसारखे. ना तेल गळतं, ना वास येतो. आणि नव्याची किंमत ऐकली की माणूस आधी खाली बसतो, मग वर बघतो, आणि वर बघताना त्याच्या डोळ्यांत संशय असतो.

"मेस्त्री, माजा चांगला डबा काढून दुसऱ्याचा मेलेला बसवला तर मला कसं कळंल?"

रोज हाच प्रश्न. शेवटी उस्तादनं काउंटरवर नेलपॉलिशची बाटली ठेवली. गिऱ्हाइकानं आपल्या हातानं डब्यावर खूण करायची, मगच आम्ही हात लावणार. भिंतीवर लिहूनही टाकलं, "आधी खूण, मग पाना."

दर महिन्याला नवी बाटली आणायला उस्ताद जायचे. साठीचा, पांढऱ्या दाढीचा माणूस दर महिन्याला नेलपॉलिश का नेतो, याचा संशय त्या दुकानदाराला आला तो वेगळाच!

*

संशयात पहिला नंबर गणपतरावांचा. गाव रेणापूर तालुक्यात. रेणापूरला गॅरेजं होती, पण तिथल्या सगळ्यांवर यांचा संशय, म्हणून टँकर घेऊन एवढ्या लांब आमच्याकडं यायचे.

पहिल्यांदा आले तेव्हा मी बाटली पुढं केली. त्यांनी ती उघडून वास घेतला.

"बाटली तुमचीच ना?"

"हाव."

"म्हंजी माजी खूण पुसून तुमाला तशीच दुसरीकडं करता येती."

त्यांनी पिशवीतून स्वतःचा डबा काढला. बैलांची शिंगं रंगवायचा हिरवा रंग. "औंदा पोळ्याला बैल रंगवायला जीवच झाला न्हाई. तसाच पडून हुता." असं म्हणून काडीनं ईसीएमवर हिरवी रेघ ओढली आणि स्टूल घेऊन माझ्या हाताला लागून बसले.

मी प्लग काढला तर आत ओल. टँकरची टाकी झिरपत होती आणि ते पाणी वायरीवरून घरंगळत बरोबर प्लगात शिरलं होतं.

"गणपतराव, पाणी गेलंय आत."

ते उठूनच उभे राहिले. "मला येडा समजतो का रे? तालुक्यात प्यायला पाणी न्हाई अन् माज्या डब्यात पाणी?"

उस्तादनं त्यांचं बोट धरून प्लगाला लावलं. बोट ओलं झालं. गणपतरावांनी ते जिभेला लावलं आणि म्हणाले, "टँकरचंच हाय. पुसून फेकू नका, त्याच्यावर गावाचा हक्क हाय!"

*

आमच्या ओळखीचे एक जाधव गुरुजी होते. त्यांच्या जीपचा डबा खरंच गेला. नवा आणला. नवा डबा बसवून भागत नाही, लॅपटॉप लावून त्यात गाडीचा चॅसी नंबर भरावा लागतो. त्याशिवाय तो गाडीला ओळखत नाही.

त्या दिवसांत आमचा भाग तोडून नवा जिल्हा होणार अशी जोराची हवा होती. चहाच्या टपरीवर तर कलेक्टर ऑफिसची जागासुद्धा ठरली होती. मी नंबर टाकायला लागलो आणि गुरुजींनी माझा हात धरला.

"थांबा! जिल्हा कोणता टाकताय?"

"गुरुजी, ह्याच्यात जिल्हा नसतो."

"असं कसं? आयुष्यभर सरकारी फॉर्म भरलेत मी. जिल्हा नाही असा फॉर्म नसतो. आज तुम्ही लातूर टाकाल, उद्या जिल्हा बदलला की गाडी घाटात बंद पडंल!"

उस्ताद म्हणाले, "गुरुजी, डब्याला इंजन कळतं. तालुका-जिल्हा त्याला कळत न्हाई."

गुरुजींना पटलं नाही. त्यांनी वहीचं पान फाडलं आणि लेखी घेतलं, 'जिल्हा बदलल्यास वाहन बंद पडणार नाही.' खाली उस्तादची सही, साक्षीदार म्हणून माझी.

जिल्हा अजून झालेला नाही. त्यामुळं आमची गॅरंटी अजून चालू आहे!

*

अर्धापूरचे एक केळीचे व्यापारी. पिकअप गाडी, तिचा डबा बदलायचा होता. आम्ही जुनाच रंगवून बसवू असा त्यांना दाट संशय. म्हणून नव्या डब्याचं खोकं त्यांनी स्वतः फोडलं, सील उजेडात धरून बघितलं, डबा उलटासुलटा करून हुंगला. सगळं बरोबर निघालं. माणूस खुशीत आला.

मी आणि उस्ताद चहाला वळलो. प्लग अजून जोडायचा होता. परत येतो तर बॉनेट उघडं, डब्याला हळदकुंकू, अगरबत्ती, आणि साहेबांनी शेजारच्या लोखंडावर नारळ फोडलेला! नारळाचं सगळं पाणी उघड्या पिनांवर.

उस्ताद डोकं धरून खालीच बसले. "शेठ, वॉरंटीत नारळ बसत न्हाई हो!"

दोन दिवस डबा उन्हात वाळवला. एकेक पीन मी ब्रशनं घासली. कुंकू तर कुठं कुठं गेलं होतं! नशीब बलवत्तर, गाडी चालू झाली.

व्यापारी माझ्याकडं वळले. तेच संशयी डोळे.

"बघितलं? पूजा केली म्हणून वाचला. न्हाईतर तुमी मारलाच हुता."

*

उस्तादसुद्धा काही कमी नाहीत. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लातूरला झालं. टेबलावर झोपायच्या आधी डॉक्टरांना म्हणाले, "साब, नव्या भिंगाचं खोकं माझ्यासमोर फोडा."

डॉक्टर भले माणूस. फोडून दाखवलं.

"अन् जुना माल?"

"म्हणजे?"

"जुनं भिंग. घरी न्यायचंय."

डॉक्टर म्हणाले, ते आतच विरघळवून ओढून घेतात, परत देण्यासारखं काही उरत नाही.

उस्ताद डोळ्याला हिरवी पट्टी लावून गॅरेजला आले ते तणतणतच. "कांबळे, आपन एवढा इमानदारीनं माल परत देतो, अन् लोक आपल्याला चोर म्हनतात. हा मानूस म्हनतो माल विरघळला, अन् त्याच्या दवाखान्याबाहेर लाइन लागलीय!"

*

आता गणपतरावांचं राहिलेलं सांगतो.

ऐन उन्हाळ्यात त्यांचा टँकर ट्रॅक्टरला बांधून आणला. त्यांच्या गावाला हा एकच टँकर. विहिरी केव्हाच्या कोरड्या पडल्या होत्या. टँकर उभा म्हणजे गाव तहानलेलं, हे आम्हाला माहीत होतं. हातातली बाकी सगळी कामं टाकून आम्ही तो घेतला.

तक्रार अशी की गाडी चालता चालता बंद पडते. उस्तादनं तासाभरात दोष काढला. चॅसीला जोडलेली अर्थिंगची पट्टी तुटायला आली होती. ती नवी केली. सेल्फ मारला. गाडी चालूच होईना! स्कॅनर लावला, तर ईसीएम बोलायलाच तयार नाही. एकदम मेलेला. वर हिरवी रेघ होती, म्हणजे डबा त्यांचाच.

"गणपतराव, डबा गेलाय."

"गेला कसा? आनला तवा डबा चांगला हुता! तुमी हात लावला अन् गेला!"

मग जो आवाज चढला! रस्त्यावरची माणसं जमली. गणपतरावांनी सगळ्यांदेखत उस्तादला चोर म्हटलं. खूण खोटी आहे, रंग दुसरा आहे, चांगला डबा आम्ही विकला. उद्या तहसीलला जाऊन सगळ्या टँकरवाल्यांना सांगतो म्हणाले.

मला इतका राग आला की हातातला पाना मी मुद्दाम खाली ठेवला. त्या दिवशी उस्तादनं जेवणाचा डबा उघडलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. गणपतराव स्टुलावर, टँकर जागेवर. संध्याकाळी उस्ताद हळूच म्हणाले, "कांबळे, नांदेडला फोन लाव. नवा डबा माझ्या खर्चानं मागव. गाव तहानलंय. पन ह्याच्यानंतर आपन गॅरेज बंद करू. तीस वर्षांत असं चारचौघांत चोर कुनी म्हनलं न्हवतं."

मला रडू आलं, खरं सांगतो. ती भिंतीवरची अक्षरं मीच रंगवली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी काळीपिवळी जीप थांबली आणि त्यातून एक बाई उतरल्या. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. गणपतराव स्टुलावरून ताडकन उठले.

"तू कशाला आलीस?"

त्या गणपतरावांच्या घरच्या, सुमनबाई. त्यांनी नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. फडकं काउंटरवर सोडलं. आत ईसीएम! वर हिरवी रेघ.

"घ्या भाऊ, खरा डबा ह्यो हाय. कनगीत लपवून ठेवला हुता. औंदा ज्वारीच न्हाई, कनगी रिकामी, म्हनून हाताला लागला."

मी म्हणालो, "मग गाडीत कोणता हाय?"

"नांदेडच्या भंगारातला. तुमच्याकडं आनायच्या आदी ह्यांनी बदलला, वर तशीच हिरवी रेघ वढली. म्हनले, मेस्तरी चोरील तर भंगार चोरील!"

"भंगारवाला डबा चालू हाय म्हनला हुता," एवढंच गणपतराव पुटपुटले. उभ्या जन्मात या माणसानं एकाच माणसावर विश्वास टाकला, आणि तो भंगारवाला निघाला!

उस्तादनं खरा डबा उचलला, स्वतःच्या हातानं बसवला. पहिल्या सेल्फला इंजिन चालू झालं. बघणाऱ्यांतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

गणपतराव मान खाली घालून हात जोडायला पुढं आले. उस्तादनं ते हात मध्येच धरले, काउंटरवरची नेलपॉलिशची बाटली उघडली आणि गणपतरावांच्या अंगठ्यावर मोठा ठिपका काढला. मग सुमनबाईंकडं वळून म्हणाले, "वैनी, मानूस ओरिजिनलच हाय ना? आत्ताच बघून घ्या. मागनं तक्रार चालनार न्हाई."

सुमनबाईंनी नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"ओरिजिनलच हाय भाऊ," त्या म्हणाल्या. "बदलून मिळतोय का तेवढं बघा!"