नऊ लाख अठ्ठ्याऐंशी हजार सत्तावीस

हे गेले तो मंगळवार होता. हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी संपवून ते कंपनीच्या बसमध्ये बसले आणि उतरले नाहीत. रोज त्यांच्या शेजारी बसणाऱ्या वामनभाऊजींनी त्यांना घरी आणलं.

चैत्र होता. अंगणातल्या फरशीवर कडुनिंबाचा मोहर सांडला होता आणि त्यात ह्यांनी खडूने मांडलेला शेवटचा भागाकार तसाच होता : ९८८०२७ भागिले ७०९, बाकी ३९०. ही संख्या भाऊजींनी बसमध्ये घातलेलं कोडं. ह्यांचं म्हणणं, ती मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही तिला निःशेष भाग जाणार नाही; भाऊजींचं म्हणणं, फुटते. दोनापासून एकेक मूळ संख्या घेत, संध्याकाळच्या ओसरत्या उजेडात हे सातशेच्या पुढे आले होते. सासूबाई आता त्या आकड्यांना वळसा घालून सडा टाकत.

सुतक फिटलं, माणसांची ये-जा थांबली, तेव्हा भाऊजी येऊ लागले. आल्या आल्या माझ्या हाती खडू दिला. "वहिनी, आता सातशे एकोणीस घ्या."

मी पुस्तकांत रमणारी, आकड्यांपासून दूर राहिलेली. त्यांनीच समजावलं, की संख्या फुटलीच तर तिचा धाकटा भाग वर्गमुळाच्या आत सापडतो, आणि हिचं वर्गमूळ ९९४च्या किंचित अलीकडे आहे. प्रत्येक भागाकाराला बाकी उरे आणि मला हायसं वाटे, कारण तेवढ्यापुरतं ह्यांचं म्हणणं खरं राही.

"काहून रे वामन," सासूबाई म्हणत, "नारळ बरा! तुमचा आकडा तं फुटूनच नाही राहिला."

"फुटंल वं माय, तू चहा टाक."

वैशाख सरत आला. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा गंध अंगणापर्यंत येत होता, आणि एकच मूळ संख्या उरली होती : ९९१. मी भागाकार मांडला. बाकी शून्य. पुन्हा मांडला, पुन्हा शून्य.

"म्हणजे माझा पोरगा हरला का?" सासूबाईंनी विचारलं.

भाऊजी खाली बसले. "नाही वं माय. थांबला असता तं त्यालेच सापडली असती."

ते गेल्यावर मी भागाकाराकडे पाहत राहिले. ९९१, आणि भाग गेला तो ९९७ वेळा : हजाराच्या आतल्या अगदी शेवटच्या दोन मूळ संख्या. अशी संख्या सहज सुचत नाही. ती कुणीतरी गुणून तयार केलेली असते, शेवटच्या पायरीपर्यंत फुटू नये म्हणून. मित्राच्या संध्याकाळी भरून राहाव्यात एवढी ती लांब होती, आणि त्याच्या माघारी माझ्याही भरल्या. उत्तर ठाऊक असलेला माणूस दीड महिना माझ्याबरोबर बाक्या तपासत बसला होता. मी त्यांना कधी विचारलं नाही.

पुढच्या पावसाने फरशी धुऊन निघाली. भाऊजी अजून येतात, सासूबाई चहा टाकतात. नवी संख्या सात अंकी आहे, आणि मी तीनशेच्या पुढे आले आहे.