मांडीवरची माती

जमिनीवर एवढी माया आणि स्वतःच्या नावावर मात्र वीतभरही जमीन नाही, असा माणूस अख्ख्या सिल्वासात एकच, आमलीतले आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी. मूळचे नाशिकचे, नोकरी माती तपासायच्या प्रयोगशाळेत. चालता चालता मध्येच वाकायचे, चिमूटभर माती जिभेवर टाकायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. दाताखाली करकरली तर वाळू, विरली तर गाळ. सत्यनारायणाचा प्रसादही त्यांनी एकदा तसाच चाखला आणि रव्याचे दाणे सुटे असल्याचा निकाल दिला. वाळूचे दाणे एकमेकांना धरून असतात, मध्ये फार गाळ शिरला की हात सुटतात, हे ते इतक्या हळवेपणाने सांगत, की कुणाच्या घरातलं दुखणं ऐकतोय असं वाटायचं.

किलवणीत आम्ही घरासाठी जागा घेतली. बायकोला दिवाळीआधी पाया हवा होता. शेजाऱ्यांनी तिथली माती चाखून नरम निघेल असा अंदाज सांगितला आणि मातीच्या नमुन्याची नळी, अजिबात न हलवता प्रयोगशाळेत न्यायला सांगून, माझ्या हवाली केली. आमच्या कारखान्यात पावडरचा डबा भरला की आपटून बसवतात. सवयीने मी नळीही दोन-चारदा आपटली.

प्रयोगशाळेत मातीतून बारीकशी थरथर सोडतात. ती जितकी लवकर पलीकडे पोचेल तितकी माती ताठ. आमची भलतीच ताठ निघाली. बायकोने नारळ आणला. शेजारी मात्र खिडकीबाहेर बघत बसले.

"अंदाज आणि मोजमाप एवढे भांडत नाहीत," ते म्हणाले. "हिला कुणीतरी हलवलंय."

मी कबूल केलं. ते रागावले नाहीत, याचीच जास्त लाज वाटली. निवृत्तीला चार दिवस उरलेले, तरी दुसऱ्या दिवशी ते नवा नमुना आणायला स्वतः किलवणीला गेले. येताना नळी मांडीवर आडवी धरून रिक्षात बसले आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला सांगत राहिले, "धीरे, भाई, धीरे. सोने दो इसको."

माती नरमच निघाली. पाया खोल न्यावा लागला, दिवाळी भाड्याच्या घरात गेली. बायकोने फुगलेल्या तोंडानेच वर फराळ पाठवला.

आता ते नाशकात, मुलाच्या नवव्या मजल्यावरच्या घरी असतात. आमचं घर झालं, ते बघायला त्यांना जमलेलं नाही. दुपारी रस्त्याने ट्रक गेला की मी उगाच फरशीवर तळहात ठेवतो. काल फोनवर त्यांनी पहिलं तेच विचारलं, जमीन कशी आहे.

"झोपलीय," मी म्हणालो.

पलीकडे त्यांनी आवाज एकदम हळू केला. मला त्यांची फार आठवण आली.