उसवता येतं का?

संभाजीनगरच्या एका कॉलेजात मी बीबीएच्या मुलांना संगणक शिकवते. एका दुपारी पैठणहून एक बाई आल्या, पैठणी विणणाऱ्या. त्यांच्या लेकीला एक्सेलची धास्ती बसली होती. चुकेल म्हणून ती कळफलकाला हातच लावायची नाही. आता कॉलेज सोडायचा अर्ज घेऊन दोघी माझ्यासमोर बसल्या होत्या. लॅब रिकामी होती, पंखा संथ फिरत होता, खिडकीतून पिवळं ऊन झिरपत होतं.

बाई स्क्रीनवरच्या चौकटींकडे बघत राहिल्या. मग रेशमाला लावावं तसं बोट लावून त्यांनी एक अक्षर उमटवलं.

"चुकलं तर उसवता येतं का, मॅडम?"

केलेलं मागं घ्यायची, 'अनडू'ची खूण मी त्यांना दाखवली. अक्षर गेलं. त्यांनी ते पुन्हा आणलं, पुन्हा घालवलं. कितीतरी वेळ, स्वप्नात असल्यासारख्या.

"आमच्यात एक तार चुकली तर अख्खा दिवस उसवण्यात जातो," त्या लेकीला म्हणाल्या. "इथं तर काहीच जात नाय. मग भेतीस कशाला गं?"

लेकीनं खुर्ची पुढं ओढली. अर्ज टेबलावरच राहिला.

बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण नवा वर्ग आला की पहिल्या तासाला मी मुलांना फक्त मनसोक्त चुका करायला सांगते.